ओसरीवरचे प्रश्न : ‘चर्चमध्ये आम्हाला कोणी ओळखतच नाही’

प्रश्न : मावशी, जय ख्रिस्त. आमचं मूळ राहुरीकडचं. मिस्टरांना जळगावच्या एमआयडीसीत नोकरी लागली म्हणून इकडे आलो. दर रविवारी मिस्साला जातो, पण चर्चच्या गेटबाहेर पडेपर्यंत आमच्याशी कोणी बोलत नाही. वाचन, गायन, सणाची तयारी, सगळं चार-पाच घरांकडे. गावी मी वाचन करायचे, हरेगावला मतमाउलीच्या यात्रेत आमच्या गायनमंडळाबरोबर असायचे. इथं एकदा विचारलं तर ‘बघू, सांगतो’ म्हणाले. पुढे कोणी काही सांगितलं नाही. आठवीतली मुलगी म्हणते, कशाला जायचं तिथं? फादरांकडे तक्रार करावी का?
– एक भगिनी, जळगाव

उत्तर : ताई, तक्रार नका करू. फादरांना भेटा मात्र नक्की, आणि रविवारी मिस्सा संपल्यावर गेटजवळ नव्हे. त्या वेळी त्यांच्याभोवती माणसांचा गराडा असतो. कोणाला घराला आशीर्वाद हवा, कोणाला दाखला, कोणाला शाळेचा प्रवेश. अशा वेळी तुम्ही काही बोललात तर तेही ‘बघू’च म्हणतील. आठवड्यात एखाद्या संध्याकाळी फोन करून, मिस्टरांना घेऊन ऑफिसात जा. जाताना तुमच्या लग्नाचा आणि मुलांच्या स्नानसंस्काराचा (बाप्तिस्म्याचा) दाखला न्या आणि कुटुंबाची नोंद करून घ्या. तुमच्या पत्रात नोंदीचा उल्लेख नाही, म्हणून सांगते. नोंदच नसेल तर तुम्ही कोणाच्या यादीत नाही. तुमच्या भागातल्या घरोघरीच्या प्रार्थनेचा निरोप तुमच्यापर्यंत पोचणार कसा?

आता त्या चार-पाच घरांबद्दल. आपल्या खान्देशातल्या शहरी चर्चची जडणघडण राहुरी-श्रीरामपूरसारखी नाही. तिकडे अख्खी आळी एकमेकांची सोयरी असते, आजोबांच्या काळापासून बाक ठरलेला असतो. इकडे भुसावळला रेल्वे आली आणि तिच्याबरोबर गोव्याचे, मंगळूरचे, तमिळ, अँग्लो-इंडियन लोक आले. पुढे वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत कोणी लागलं, दीपनगरच्या वीज केंद्रात कोणी, दवाखान्यांत केरळच्या नर्स आल्या, नगरकडून तुमच्यासारखे मराठी कॅथलिक आले, सातपुड्यातून पावरा आणि भिल मुलं शिकायला आली. जो तो बदलीवर आलेला आणि बदलीवर जाणारा. त्यात जी घरं इथंच टिकली त्यांच्या अंगावर सगळं पडलं. काही घरांना पुढे त्याची गोडी लागली, हेही खरं. पण बरीचशी नुसती दमलेली आहेत. अशा बैठकांना मी धुळ्यात बसलेली आहे. ‘कोणी पुढंच येत नाही हो’ हे वाक्य तिथं दर वेळी होतं, आणि ते म्हणणाऱ्यांना ते मनापासून खरं वाटत असतं.

कायद्याचं म्हणाल तर पॅरिश कौन्सिल, म्हणजे धर्मग्रामाची (एका चर्चच्या हद्दीतल्या कॅथलिकांची) समिती, ही सल्ला देणारी समिती आहे. कॅथलिक चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेत (कॅनन लॉ) तसं स्पष्ट आहे. अर्थसमिती मात्र प्रत्येक धर्मग्रामात असलीच पाहिजे, तिथं सूट नाही. यांपैकी कोणत्याही समितीत नसलेल्या बाईला वाचन करता येतं, गाता येतं, आजाऱ्याला भेटता येतं. वाचन तर स्त्रिया कितीतरी वर्षं करत आहेत. पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२१ मध्ये वाचक आणि वेदीसेवक (मिस्सात फादरांना मदत करणारा) या रीतसर नेमणुकीच्या सेवाही स्त्रियांना खुल्या केल्या. तेव्हा फादरांपुढे भिडेनं बोलू नका आणि मोघमही बोलू नका. ‘मला सेवा करायची आहे’ असं म्हटलं की समोरचा मान हलवतो आणि विसरतो. ‘मराठी मिस्साला दुसऱ्या रविवारचं पहिलं वाचन मी करीन, हा माझा नंबर’ असं म्हटलं की त्याला कागद शोधावा लागतो.

वाचन मिळालं तर एक पथ्य पाळा. शनिवारी रात्री ते घरात मोठ्यानं वाचून काढा. पौलाच्या पत्रातला ‘थेस्सलनीकाकरांस’ हा शब्द वेदीवर पहिल्यांदा भेटला तर भल्याभल्यांची दातखीळ बसते. आपल्याकडे पुष्कळ जण मिस्सा सुरू झाल्यावर पुस्तक उघडतात. मग पौलाचं लांबलचक वाक्य मध्येच तुटतं आणि बाकावरच्या आजीबाईला वाटतं, आपल्यालाच कळत नाही. तिला कळेल असं वाचणं हे मोठं काम आहे, त्यात दुय्यम काही नाही.

पण ताई, माझ्या मते माणूस धर्मग्रामाचा होतो तो वेदीपेक्षा गल्लीत जास्त. मी सरकारी दवाखान्यात परिचारिका होते, म्हणून माझं लक्ष तिकडेच जातं. जळगावच्या सिव्हिलला जाऊन बघा. यावल, रावेर, चोपडा तालुक्यांच्या डोंगरकडेनं आलेली पेशंटची माणसं केसपेपरच्या खिडकीपाशी उभी असतात. घरी पावरी नाहीतर बारेली बोलणारी. एक्स-रे कुठं, रक्त कुठून आणायचं, सही कशावर करायची, काही उमगत नाही. त्यांच्याबरोबर नुसतं रांगेत उभं राहणारं कोणी मिळालं तर त्यांचा अर्धा दिवस वाचतो. तिथं धर्माचा एक शब्द बोलायचा नाही, हे मी मुद्दाम लिहिते. कागद वाचून द्यायचा, औषध कधी घ्यायचं ते दोनदा सांगायचं, जमल्यास डबा न्यायचा. आठवड्यातली एक सकाळ दिलीत तरी पुष्कळ.

एकटीनं जाऊ नका. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या विद्यार्थी मित्रांनी गरिबांच्या घरी जायला सुरुवात केली; त्यातूनच पुढे सेंट विन्सेंट डी पॉल यांच्या नावाची संस्था उभी राहिली. ओझानाम तेव्हा वीस वर्षांचा होता. जोडीनं भेटीला जायची रीत त्या संस्थेत आजही आहे. तुमच्या चर्चमध्ये तिची शाखा असेल तर विचारा. नसेल तर त्या चार-पाच घरांतल्याच एखादीला म्हणा, ‘मंगळवारी सिव्हिलला जाते आहे, येता का बरोबर?’ रविवारी जी तुमच्याकडे बघत नव्हती ती रिक्षात शेजारी बसली की सासूपासून सगळं सांगेल. आमच्या धुळ्याकडे बायका नव्या माणसाला ‘आठे ये ना माय, आठे बठ’ म्हणतात. ते ऐकायला कधी कधी आपणच आधी दुसऱ्याच्या शेजारी जाऊन बसावं लागतं.

आजारी म्हातारी माणसंही असतात. पुष्कळ ठिकाणी फादर पहिल्या शुक्रवारी त्यांना घरी ख्रिस्तप्रसाद नेऊन देतात. बरोबर जायला कोणी नसतं. जा. तीन घरं फिरलात की पॅरिशची निम्मी माहिती तुम्हाला फादरांपेक्षा जास्त होईल.

मुलीवर सक्ती करू नका, तिला काम द्या. १९९४ पासून बिशपांच्या परवानगीनं मुलींनाही वेदीसेवा करता येते. तुमच्याकडे तशी प्रथा आहे का ते विचारा. नसेल तर नाताळच्या गव्हाणीचं काम आहेच, त्यात खळ, पुठ्ठा आणि भांडणं भरपूर असतात. त्या वयाच्या मुलांना ते आवडतं.

आणि हे वाचणाऱ्या कमिटीवाल्या भाऊ-ताईंनो, वाचकांची यादी दर तीन महिन्यांनी नव्यानं करा. जुनी यादी भिंतीवर पिवळी पडलेली मी पाहिली आहे. त्यातले दोघं प्रभूघरी गेले होते.

प्रश्न : आम्ही ऊसतोडीला बारडोलीकडे जातो. तिकडे कोप्यावरच (झोपडीतच) मुलगी झाली, सातव्या महिन्यात. ती वाचत नाही असं वाटलं म्हणून माझ्या सासूनं तिच्या डोक्यावर पाणी ओतून स्नानसंस्कार दिला. मुलगी आता चांगली आहे. गावी आल्यावर काही लोक म्हणतात, बाईनं दिलेला संस्कार चालत नाही, फादरांकडून पुन्हा घ्या.
– एक आई, तालुका नवापूर

उत्तर : लेकरू वाचलं, देवाची कृपा. लोकांना म्हणावं, सासूबाईंनी अगदी बरोबर केलं. जिवाला धोका असेल तर कोणीही, बाई असो की पुरुष, स्नानसंस्कार देऊ शकतं. दोनच गोष्टी बघायच्या. डोक्यावर खरं पाणी ओतलं का? आणि ओततानाच ‘पिता, पुत्र व पवित्र आत्मा ह्यांच्या नावाने मी तुला स्नानसंस्कार देते’ हे शब्द म्हटले का? दोन्ही झालं असेल तर संस्कार पुरा झाला. तो पुन्हा होत नाही, आयुष्यात एकदाच असतो.

राहिलं ते एवढंच : सासूबाईंना आणि तिथं हजर असलेल्या कोणाला तरी घेऊन फादरांकडे जा. ते विचारपूस करतील, तेल लावणं, पांढरं वस्त्र, मेणबत्ती असे उरलेले विधी चर्चमध्ये करतील आणि रजिस्टरमध्ये नोंद घेतील. नोंदीचा कंटाळा करू नका. पुढे दृढीकरणाचा संस्कार (कन्फर्मेशन) आणि लग्न याच पानावर चढतं, आणि मुलगी लग्नाची होईल तेव्हा हाच दाखला मागतील. कोयता घेऊन दिवाळीनंतर निघायचं आणि उन्हाळ्यात परतायचं, अशा जगण्यात कागद हरवतात. रजिस्टर हरवत नाही. जन्माचा सरकारी दाखला वेगळा. तोही काढा, उशीर झाला असला तरी निघतो.

धडगाव, अक्कलकुवा, नवापूरकडच्या धर्मशिक्षकांना माझी विनंती आहे. टोळ्या निघण्याआधीच्या रविवारी हे पाणी ओतण्याचं आणि ते शब्द म्हणण्याचं बायांना एकदा करून दाखवा. फादर महिन्यातून एकदा येतात. बाळ महिना बघून येत नाही.

प्रश्न : आमच्या पाड्यात होळी मोठी असते. ती ईस्टरआधीच्या उपवासकाळात येते. मी कॅथलिक आहे. नाचायला जाऊ की नको?
– एक तरुण, धडगाव

उत्तर : ती बहुधा उपवासकाळातच येणार रे बाबा, दोन्ही सण चंद्रावर चालतात. ईस्टर म्हणजे वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतरचा रविवार. होळीची पौर्णिमा बहुतेक वेळा तिच्या महिनाभर आधीची, नाहीतर तीच. २०२४ मध्ये तर झावळ्यांचा रविवार (ईस्टरच्या आधीचा रविवार) आणि होळी एकाच दिवशी, २४ मार्चला आले. सकाळी शिंदीच्या फांद्या हातात आणि रात्री ढोल, असं तुमच्याकडे झालंच असेल.

गावाबरोबर फेर धरणं, ढोल वाजवणं यात मला पाप दिसत नाही. तू त्या पाड्याचा आहेस आणि राहणार आहेस. पालनीची, म्हणजे होळीच्या व्रताची, गोष्ट वेगळी. होळीत बावा-बुध्याचं सोंग घेऊन नाचणारे जे नियम धरतात ते देवाला बोललेलं व्रत असतं. ख्रिस्ताला शब्द दिलेल्यानं ते धरू नये, असं माझं मत आहे. तरी घरच्यांशी आणि फादरांशी बोलून ठरव, माझ्या एका उत्तरावर नको. पूर्ण उपवास राखेच्या बुधवारी (उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी) आणि उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडे). उपवासकाळातल्या शुक्रवारी मटण-कोंबडी नाही. होळी शुक्रवारी आली तर तेवढं सांभाळ. दारूचं मी सांगायची गरज नाही, तुला ठाऊक आहे.

प्रश्न : बाळाच्या स्नानसंस्काराला धर्मपिता म्हणून माझा चुलतभाऊ हवा आहे. तो नंदुरबारला अलायन्स चर्चमध्ये (प्रोटेस्टंट) जातो, बाप्तिस्मा झालेला आहे. चालेल का?
– एक वडील, शहादा

उत्तर : धर्मपिता म्हणून नाही, साक्षीदार म्हणून हो. त्याच्या जोडीला एक कॅथलिक धर्मपिता किंवा धर्ममाता लागेल, सोळा वर्षं पुरी झालेली आणि दृढीकरण झालेली. फोटोत दोघंही उभे राहतील. चुलतभावाला आधीच नीट समजावून सांगा, ऐन वेळी वेदीपुढे नको. आपल्या नंदुरबार भागात एकाच घरात दोन चर्चची माणसं असतात आणि रुसवे नेमके अशाच गोष्टींवरून धरले जातात.

प्रश्न : मी हिंदू आहे. शेजारचे डिसोझा काका नाताळच्या रात्री मिस्साला बोलावतात. आलो तर चालेल का? प्रसाद घ्यायचा असतो का?
– एक वाचक, भुसावळ

उत्तर : खुशाल या, घरच्यांनाही आणा. बाकीचे उठले की उठा, बसले की बसा, गुडघे टेकले नाहीत तरी कोणी काही म्हणणार नाही. ख्रिस्तप्रसाद मात्र घेऊ नका. आमच्यासाठी तो साधा प्रसाद नाही, ख्रिस्ताचं शरीर आहे, आणि आमची मुलंसुद्धा तयारी झाल्याशिवाय घेत नाहीत. रांग लागेल तेव्हा जागेवरच बसून राहा. डिसोझा काकांकडचा केक मात्र सोडू नका. आणि स्वेटर घालून या, चर्च भरलं तर खुर्ची बाहेर मांडवात मिळेल.