मेडिआने जेसनला जिवंत का सोडलं?

प्रश्न : ग्रीक पुराणकथेत जेसनने आपली बायको मेडिआ हिला टाकून कॉरिंथ या ग्रीक नगरीच्या राजकन्येशी लग्न केलं. मग सूड त्याच्यावर न उगवता तिने पोटच्या मुलांना का मारलं?

उत्तर : ग्रीक नाटककार युरिपिडीसच्या ‘मेडिआ’ नाटकात (इ.स.पू. ४३१) तिचा पहिला बेत वेगळाच आहे. कॉरिंथचा राजा क्रेऑन, त्याची मुलगी आणि जेसन अशी तीन प्रेतं पाडायची, असं ती सांगते. बेत बदलतो तो अथेन्सचा राजा ईजियस येऊन गेल्यावर. निपुत्रिक असलेला हा राजा डेल्फीहून कौल घेऊन परतत असतो. संततीसाठी राजासुद्धा कसा कासावीस होतो, हे ती समोर बघते. यानंतर ती बेत सांगते तेव्हा जेसन जिवंत राहणार असतो. जाणार असतात त्याची मुलं आणि नवी बायको. म्हणजे त्याचा वंशच बुडणार. ईजियसचं येणं ॲरिस्टॉटललाही अकारण वाटलं होतं, पण माझ्या मते नाटकाचा कणा तिथेच आहे. शिवाय ईजियस तिला अथेन्समध्ये आश्रय द्यायचं कबूल करतो, पण नुसतं वचन तिला पुरत नाही. जेसननेही उजवा हात देऊन शपथ घेतली होती आणि ती मोडली होती. म्हणून हाकलणार नाही आणि शत्रूंच्या हवाली करणार नाही, अशी शपथ ती ईजियसकडून पृथ्वी आणि सूर्य यांच्या साक्षीने घेते.

प्रश्न : राजकन्येचा जीव घेणारं विषारी वस्त्र राजवाड्यात पोहोचलं तरी कसं? कोणालाच संशय आला नाही?

उत्तर : संशय क्रेऑनला होता. ‘मला तुझी भीती वाटते’ असं तो तोंडावर सांगतो आणि तिला हद्दपार करतो. पण मुलांची सोय लावायला एकच दिवस द्या, असं ती पाया पडून मागते आणि तो विरघळतो. मग ती जेसनपुढे पश्चात्तापाचं सोंग करते आणि आजोबा सूर्यदेवाकडून आलेलं तलम वस्त्र व सोन्याचा मुकुट मुलांच्या हाती पाठवते. अट एकच : नवरीने ते स्वतःच्या हातांनी घ्यावं. राजवाड्यात कपड्यांची काय वाण आहे, असं जेसन म्हणतो, पण ती ऐकत नाही. मुलांना बघून राजकन्या आधी तोंड फिरवते, भेट दिसल्यावर मात्र नरमते. वस्त्र नेसून, आरशात केस सारखे करून ती मिरवते, वळून टाचेकडे बघते. तेवढ्यात विष भिनतं. मुकुट झटकायला मान हलवावी, तसा जाळ आणखी भडकतो. जो तिला शिवेल तोही मरेल, हे मेडिआने आधीच ठरवलेलं असतं. प्रेताला कवटाळलेला क्रेऑन उठू बघतो, तर वस्त्र चिकटून मांस सोलवटतं.

प्रश्न : सगळ्याच कथांत मुलांना आईच मारते का?

उत्तर : नाही. प्राचीन ग्रीक प्रवासवर्णनकार पॉसेनियसने नोंदवलेल्या कथेत मर्मेरॉस आणि फेरेस या मुलांना त्या भेटींपायी कॉरिंथकर दगडांनी ठेचून मारतात. युरिपिडीसच्या नाटकात मुलांना नावंही नाहीत. हे नाटक घेऊन अथेन्सच्या नाट्यस्पर्धेत उतरलेला युरिपिडीस तीन नाटककारांत शेवटचा आला. पहिला युफोरियॉन, दुसरा सोफोक्लीस.