पंखा हळू फिरतोय, मिस्त्री बोलवावा की घरीच दुरुस्त होईल?

तुम्ही म्हणताय की रेग्युलेटर ५ वर असूनही छताचा पंखा रेंगाळतो. बहुतेक वेळा दोष कपॅसिटरचा, म्हणजे मोटरला फिरायला जोर देणाऱ्या छोट्या डबीसारख्या भागाचा असतो. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने त्याची क्षमता घटते आणि मोटरला पुरेसा जोर मिळत नाही. नवा कपॅसिटर शंभर रुपयांच्या आत येतो.

आधी पंखा बंद करून पातं हाताने फिरवा. खरखर आली किंवा लगेच थांबलं, तर बेअरिंग गेलंय. ते घरी काढू नका, ओढताना वाइंडिंग (मोटरमधली तारेची गुंडाळी) तुटू शकतं. सहज फिरलं तर कपॅसिटर बदला.

नुसतं बटण बंद करून चालणार नाही, कारण काही घरांत स्विच न्यूट्रल वायरवर जोडलेला असतो आणि तो बंद असूनही पंख्यात करंट राहतो. एमसीबी (मीटरजवळच्या बोर्डातला मुख्य खटका) पाडा, टेस्टरने खात्री करा आणि शिडी धरायला माणूस ठेवा. रॉडवरचा कप सरकवला की कपॅसिटर दिसतो. जोडणीचा फोटो काढा. इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हरने त्याच्या दोन्ही टोकांना एकदम स्पर्श करून उरलेला चार्ज घालवा.

जुन्यावरचाच आकडा घ्या: बहुधा २.५ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट एसी. वेग वाढावा म्हणून जास्त क्षमतेचा बसवायचा मोह टाळा, वाइंडिंग तापून जळतं. कपॅसिटरच्या दोन वायरींना प्लस-मायनस नसतं, पण त्या जुन्याच जागी जोडा. जागा चुकली तर पंखा उलटा फिरू शकतो. सांधे टेपने नीट गुंडाळा, कपचा स्क्रू घट्ट करा.

बीएलडीसी पंख्याला (कमी वीज खाणारा, बहुधा रिमोटवर चालणारा) हा उपाय लागू नाही, त्यात सर्किट बोर्ड असतो.