सैन्य पाठवायचं की नाही, हे विचारलंस म्हणून

प्रिय मित्रा,

तुझा मेल वाचला. शेजारी आग लागलीय आणि आपण नुसती निवेदनं काढत बसतो, अलिप्ततावाद हा फक्त बहाणा आहे, असं तू लिहिलंयस. तुझा राग मला आवडला, खरंच, पण मत पक्कं करण्याआधी १९८७ चं श्रीलंका प्रकरण नीट समजून घे.

कुठल्या गटात नसलो तरी आपली फौज बाहेर गेलीय. १९७१ ला बांगलादेशात गेली आणि मार्च १९७२ पर्यंत परत आली, १९८८ ला मालदीवमध्ये बंड झालं आणि राष्ट्राध्यक्ष गय्यूम यांनी मदत मागितली तेव्हा आग्र्याहून निघालेले पॅराट्रूपर्स त्याच रात्री तिथल्या हुलुले विमानतळावर उतरले आणि बंड मोडलं. दोन्हीकडे काम काय आणि ते कधी संपणार, हे ठरलेलं होतं.

श्रीलंकेत तसं नव्हतं. तिथे सरकार आणि वेगळा देश मागणारे तमिळ गट यांच्यात यादवी युद्ध चालू होतं. २९ जुलै १९८७ ला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करारावर सह्या केल्या, आपली शांतिसेना तमिळ गटांची शस्त्रं जमा करून घ्यायला उत्तरेकडच्या तमिळबहुल जाफन्यात गेली, पण ज्यांच्या हातात बंदुका होत्या त्या एलटीटीईची, म्हणजे सगळ्यात बलाढ्य तमिळ गटाची, त्या करारावर सहीच नव्हती! आणि याच पोरांना काही वर्षं आधी आपणच ट्रेनिंग दिलेलं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पकडलेल्या त्यांच्या माणसांनी सायनाइड खाल्लं आणि आठवड्याभरात भांडण सोडवायला गेलेले आपणच लढाईत.

११ ऑक्टोबरच्या रात्री जाफना युनिव्हर्सिटीच्या मैदानात हेलिकॉप्टरने कमांडो आणि शीख लाइट इन्फंट्रीचे जवान उतरवले. एलटीटीईला आधीच कुणकुण लागली होती, ते दबा धरून बसलेले. शीख लाइट इन्फंट्रीचे ३० जणच उतरू शकले, बाकीची कुमक आलीच नाही, गोळ्या संपल्यावर ते संगिनींनी लढले, २९ गेले, एक पकडला गेला. पुढच्या महिन्यात ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन गेले, मुंबईत जन्मलेले आणि शिकलेले, छातीत गोळी लागल्यावरही समोरच्याची रायफल हिसकावून त्याला मारणारे. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्यांच्या शौर्याबद्दल कोणी शंका घेऊ नये, प्रश्न त्यांना तिथे पाठवणाऱ्यांना विचारायचा.

आणि दुसरी बाजूही बघ, ती टाळू नकोस. त्याच ऑक्टोबरमध्ये जाफन्याच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये आपल्या जवानांच्या गोळीबारात डॉक्टर, नर्स, पेशंट मेले, ज्या तमिळ लोकांच्या रक्षणासाठी गेलो तेच आपल्याला घाबरायला लागले. तिकडे जयवर्धनेंनंतर प्रेमदासा राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांनी आपल्याला परत जा म्हणून सांगितलं, वर आपल्याशी लढायला एलटीटीईलाच शस्त्रं पुरवली. सुमारे १,२०० जवान गमावून मार्च १९९० ला शेवटची तुकडी निघाली, चेन्नईत स्वागताला राज्याचे मुख्यमंत्रीसुद्धा गेले नाहीत. मे १९९१ ला तमिळनाडूतल्या श्रीपेरुम्बुदूरला एलटीटीईनेच राजीव गांधींची हत्या केली.

म्हणून माझं मत असं, की यादवी युद्धात, जिथे बंदूकवाल्या गटाने स्वतः आपल्याला बोलावलेलं नाही, तिथे फौज पाठवू नये. औषधं पाठवा, निर्वासितांना जागा द्या, दोघांना एका टेबलावर बसवा, वर्षं लागली तरी चालतील. हे बघ्याचं काम नाहीये, उलट फार चिकाटी लागते.

तू ज्या देशाबद्दल लिहितोयस तिथे आपल्याला नेमकं कोणी बोलावलंय, आणि ज्यांनी बोलावलं ते वर्षभरानंतर सत्तेत असतील का, एवढं शोधून पुढच्या मेलमध्ये कळव, मग पुढे बोलू.

तुझा,
काका