वाढत्या मुक्तस्रोत प्रकल्पाच्या साइटसाठी भरवशाचं होस्टिंग कुठलं घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की साइट, इन्स्टॉलर आणि विकी सगळं एकाच शेअर्ड होस्टिंगवर (अनेक साइट्सनी वाटून घेतलेल्या सर्व्हरवर) आहे, नवी आवृत्ती आली की साइट झोपते आणि कंपनी म्हणते, मोठा प्लॅन घ्या. इतक्यात घेऊ नका. मीही अशाच एका प्रकल्पाची साइट सांभाळतो. तुम्हाला मोठ्या सर्व्हरची नाही, या गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणी वाटून टाकायची गरज आहे.

‘अनलिमिटेड’ प्लॅनच्या खाली बारीक अक्षरांत प्रोसेसर आणि मेमरीची मर्यादा असतेच. सगळ्यात आधी इन्स्टॉलर तिथून हलवा. हजार जणांनी 150 एमबीची फाइल उतरवली की 150 जीबी झाले. गिटहब पेजेसची (गिटहब या कोड ठेवायच्या साइटची फुकट वेब होस्टिंग सेवा) महिन्याची डाउनलोड मर्यादा सुमारे 100 जीबी आहे, त्यामुळे फाइली तिथेही टाकू नका. गिटहब रिलीजेसमध्ये (आवृत्त्यांच्या फाइली ठेवायच्या जागेत) टाका: प्रत्येक फाइल 2 जीबीच्या आत हवी, डाउनलोडवर मर्यादा नाही. मुख्य पानं स्टॅटिक (आधीच तयार करून ठेवलेल्या साध्या फाइली) करून पेजेसवर ठेवली तर खर्च शून्य. दस्तऐवज स्फिंक्समध्ये (दस्तऐवज तयार करायचं साधन) असतील तर ते रीड द डॉक्स या होस्टिंग सेवेवर ठेवा. जाहिरात दिसते, पण फुकट आहे.

खरी डोकेदुखी विकीची. विकीच्या पानांच्या जुन्या आवृत्त्या आणि त्यांतला फरक दाखवणारं प्रत्येक पान डेटाबेसमधून नव्याने तयार होतं आणि एआयवाल्यांचे क्रॉलर (साइटवरची पानं आपोआप उतरवणारे प्रोग्राम) नेमके तिथेच घुसतात. मे 2024 मध्ये एकाच क्रॉलरने रीड द डॉक्सवरून 73 टीबी ओढले होते! विकी लहानशा व्हीपीएसवर (भाड्याच्या आभासी सर्व्हरवर) वेगळी ठेवा, एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये रेट लिमिट (एकाने ठरावीक वेळात किती पानं मागायची याची मर्यादा) लावा, पानांच्या जुन्या आवृत्त्या लॉगिनमागे टाका. रोबोट्स डॉट टीएक्सटी (क्रॉलरनी कुठे जाऊ नये ते सांगणारी फाइल) सगळेच पाळतात असं नाही. माझं मत विचाराल तर विकी बंद करून मजकूर मार्कडाउनमध्ये (साध्या मजकूर फाइलींत) प्रकल्पाच्या कोडच्या रेपोतच आणा.

आता भरवशाबद्दल. गूगल कोड ही प्रकल्पांना फुकट जागा देणारी सेवा जानेवारी 2016 मध्ये बंद झाली. 2015 मध्ये सोर्सफोर्ज या तशाच साइटने गिंप या चित्रं संपादित करायच्या मुक्तस्रोत प्रोग्रामच्या विंडोज इन्स्टॉलरला जाहिरातींची पुडी जोडली. गिंपचं स्वतःचं डोमेन होतं, म्हणून लोकांना खरी फाइल कुठे आहे ते सांगता आलं. ओरेगन स्टेट विद्यापीठाची ओपन सोर्स लॅब 2003 पासून प्रकल्पांना फुकट सर्व्हर देते, तीसुद्धा 2025 मध्ये पैशांअभावी बंद पडायच्या बेतात होती. होस्ट बदलणारच, हे धरून चाला आणि डोमेन मात्र घट्ट पकडा. सगळे दुवे स्वतःच्या डोमेनवरून द्या, गिटहबचा पत्ता कुठे छापू नका. रजिस्ट्रारच्या (डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या) खात्याचा प्रवेश किमान दोघांकडे हवा. त्या खात्याचा ईमेल त्याच डोमेनवरचा नको, नाहीतर डोमेनची मुदत संपली की पासवर्ड रीसेटचा मेलही येत नाही. आणि भारतीय कार्डावर परदेशी कंपनीचं ऑटो-रिन्यू (मुदत संपताना आपोआप पैसे कापणं) 2021 च्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांपासून बेभरवशाचं झालंय. डॉट ओआरजी 10 वर्षांपर्यंत आगाऊ भरता येतं, जमेल तेवढी वर्षं भरून टाका.

साइट हलवायच्या दोन दिवस आधी डीएनएसचा (डोमेनला सर्व्हरच्या पत्त्याशी जोडणाऱ्या यंत्रणेचा) टीटीएल, म्हणजे जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा तो काळ, 300 सेकंदांवर आणा. जुना प्लॅन महिनाभर चालू ठेवा आणि तुमचे मेलबॉक्स त्याच होस्टवर आहेत का, ते आधी बघा. असतील तर एमएक्स नोंदींना (मेल कुठल्या सर्व्हरवर जायचा ते सांगणाऱ्या नोंदींना) हात लावण्याआधी जुने मेल उतरवून घ्या.