वाचकांचे प्रश्न : पाणलोटाचं सॉफ्टवेअर घरच्या लॅपटॉपवर

या वेळी एकाच विषयावर चार पत्रं आलीत, आणि चारही मराठवाड्यातनं, त्यामुळं एकत्रच घेतो.

प्रश्न : सर नमस्कार. सप्टेंबर 2025 च्या पुरात आमच्या शिवारातला ओढा दोन्ही काठ सोडून गेला, बांध गेले, माती गेली. आम्ही गावातल्या चार-पाच पोरांनी ठरवलं की वरून नेमकं किती पाणी येतंय ते काढायचं. पावसावरनं ओढ्याचं पाणी काढणारं हेक-एचएमएस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं म्हणून डाउनलोड केलं. लॅपटॉप जुना आहे, 4 जीबी रॅम. सॉफ्टवेअर उघडायलंय, पण गावचा नकाशा, पाऊस सगळं टाकून रन करायलो की एरर यायलेत. काढून परत टाकलं, दोनदा. विंडोजपण नवीन मारून झालं. आता नवा लॅपटॉपच घ्यावा लागंल का?
— डिप्लोमा सिव्हिल, परंडा तालुका

उत्तर : लॅपटॉप घेऊ नका दादा, ते पैसे बांधाला ठेवा. एकच बघा, विंडोज 64 बिटचं आहे का, कारण अलीकडच्या आवृत्त्या 32 बिटवर चालतच नाहीत. तुमचं उघडतंय म्हंजे तो प्रश्न मिटला. एका ओढ्याच्या हिशोबाला 4 जीबी रॅम पुरते, फक्त उंचीचा नकाशा म्हंजे डीईएम अख्ख्या जिल्ह्याचा टाकू नका, आपल्या ओढ्यापुरता कापून घ्या, नाहीतर मशीन तिथंच दम तोडतं.

खरी अडचण अशी आहे की तुम्ही पहिल्याच दिवशी गावचा ओढा मांडायला बसलात. आता एरर आला तर तो सॉफ्टवेअरचा, लॅपटॉपचा, नकाशाचा की पावसाच्या फाइलीचा, हे कळायला मार्गच राहिला नाही. नवी मोटर आणली की आपण ती थेट विहिरीत सोडत नाही, आधी वर फिरवून बघतो, तसंच इथं.

हेल्प मेनूत सॅम्पल प्रोजेक्ट इन्स्टॉल करायची सोय आहे, ते करा. पण सी ड्राइव्हवर एक साधं छोट्या नावाचं फोल्डर करून त्यात ठेवा, नावात स्पेस नको, मराठी अक्षरं नकोत, डेस्कटॉप नको आणि वनड्राइव्ह तर अजिबात नको, कारण इकडं रन चालू असतो आणि तिकडं ते फाइल वर चढवत असतं. मग कॅस्ट्रो नावाचं सॅम्पल उघडा. कॅलिफोर्नियातल्या कॅस्ट्रो व्हॅलीचं साडेपाच चौरस मैलांचं पाणलोट आहे ते, 16 जानेवारी 1973 च्या वादळी पावसाचं. आकडे इंच आणि क्युसेकमध्ये दिसतील, घाबरू नका, अमेरिकेच्या लष्कराच्या इंजिनिअर खात्यानं बनवलेलं सॉफ्टवेअर आहे. काहीही न बदलता रन मारा. क्विक स्टार्ट गाइडमध्ये हेच उदाहरण पायरीपायरीनं दिलंय, तेही शेजारी उघडून ठेवा. रन पूर्ण झाला, आलेख उमटला, की तुमचं इन्स्टॉलेशन ठीक आहे आणि लॅपटॉपही ठीक आहे, इथनं पुढं त्याच्यावर संशय घ्यायचा नाही.

दुसरी चाचणी मात्र स्वतःची स्वतः करायची, आणि ही कुणीच करत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. नवं प्रोजेक्ट काढा, मेट्रिक युनिटमध्ये. एकच सबबेसिन, म्हंजे पाणलोटाचा एक तुकडा, 1 चौरस किलोमीटर. लॉसला, म्हंजे जमीन किती पाणी पिते त्याला, एससीएस कर्व्ह नंबर (सीएन, हा जेवढा मोठा तेवढं जास्त पाणी वाहतं), तो 80 द्या, इम्पर्व्हियस म्हंजे पाणी न पिणारा भाग शून्य, सुरुवातीच्या शोषणाची चौकट रिकामी ठेवा. ट्रान्सफॉर्मला, म्हंजे वाहिलेलं पाणी ओढ्याला कसं पोचतं त्याला, एससीएस युनिट हायड्रोग्राफ, लॅग म्हंजे पाऊस आणि पुराचा माथा यांतला वेळ 60 मिनिटं. कॅनोपी (झाडोरा), सरफेस (खळग्यांतलं पाणी), बेसफ्लो (जमिनीतनं झिरपून येणारं पाणी) सगळं बंद. पाऊस तासाला 25 मिमी, चार तास, म्हंजे 100 मिमी. टाइमस्टेप, म्हंजे हिशोबाचं एक पाऊल, 15 मिनिटं, कारण तो लॅगच्या 0.29 पटीच्या आत असावा लागतो, म्हंजे इथं साडेसतरा मिनिटांच्या आत. कालावधी दोन दिवसांचा द्या.

आता वही घ्या. जमीन जास्तीत जास्त किती पिऊ शकते त्याला एस म्हणतात, एस म्हंजे 25400 भागिले सीएन, वजा 254. सीएन 80 ला येतं 63.5 मिमी. त्याच्या 0.2 पट म्हंजे 12.7 मिमी आधी जमीन पिते, तेवढं पावसातनं गेलं, राहिले 87.3. याचा वर्ग करा आणि 100 अधिक 0.8 गुणिले 63.5, म्हंजे 150.8 नं भागा. उत्तर 50.5 मिमी. एक चौरस किलोमीटरवर ते होतं 50.5 हजार घनमीटर, आपले जलसंधारणवाले ज्याला टीसीएम म्हणतात तेच. सॉफ्टवेअरनंही हाच आकडा द्यायला पाहिजे. कमी आला तर कालावधी बघा, सहा तासांवर कापलात तर शेवटचं पाणी मोजणीत येतच नाही. जास्त आला तर इम्पर्व्हियसमध्ये काहीतरी राहिलंय. अगदीच भलता आला तर युनिट चुकलंय.

हे दोन्ही जुळलं की मग गावचा ओढा, आणि तोही एकेक गोष्ट टाकत, प्रत्येक वेळी रन मारत. एरर आला की खालच्या पट्टीतला मेसेज नंबरासकट वहीत उतरवा, नोट असेल तर सोडून द्या, वॉर्निंग असेल तर वाचा, एरर असेल तर थांबा. सगळ्यात शेवटी टाकलेली गोष्ट आधी तपासा, बहुतेकदा तिथंच सापडतं.

प्रश्न : सर, मी परभणीला कृषी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला स्वॅट हे पाणलोटाचं मॉडेल वापरायचंय. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरची एकदम नवी आवृत्ती टाकली, त्यात स्वॅटचं प्लगइन दिसतच नाही. मैत्रिणीच्या लॅपटॉपवर दिसतं पण पाणलोट आखायच्या पायरीला बंद पडतं. तिनं कसंतरी चालवलं तर पहिल्या वर्षाचा प्रवाह जवळपास शून्य आला. काय चुकतंय?
— विद्यार्थिनी, परभणी

उत्तर : ताई, तिन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत. क्यूस्वॅट, म्हंजे स्वॅट क्यूजीआयएसमधनं चालवणारं प्लगइन, क्यूजीआयएसच्या ठरावीक आवृत्तीवर तपासून दिलेलं असतं, तेव्हा डाउनलोडच्या पानावर जी लिहिलीय तीच टाका, साधारणपणे ती एलटीआर असते, लांब पल्ल्याची. सगळ्यात नवी म्हंजे सगळ्यात चांगली असं इथं नसतं. आधी क्यूजीआयएस, मग स्वॅट, हा क्रम मोडू नका.

आखणीला बंद पडतं ते बहुतेक मायक्रोसॉफ्ट एमपीआय नावाचं जोड-सॉफ्टवेअर नसल्यामुळं. पाणलोट आखायचं काम आतून टाउडेम नावाचा प्रोग्रॅम करतो आणि त्याला एमपीआय लागतं, ते नसलं की तिथंच अडतं. मैत्रिणीला ते आधी टाकायला सांगा.

पहिल्या वर्षाचं म्हणाल तर ते मॉडेल कोरड्या अंदाजावर सुरू होतं. जमिनीत ओल किती, विहिरींच्या थरात पाणी किती, हे त्याला ठाऊक नसतं, म्हणून दोन-तीन वर्षं वॉर्मअप म्हणून पळवायची आणि त्यांचे आकडे निकालात धरायचेच नाहीत. तुम्हाला 2010 पासून हवं असेल तर पाऊस 2007 पासून द्या. स्वॅटबरोबर इथिओपियातल्या रोबिट नावाच्या पाणलोटाचा नमुना डेटा येतो, पूर्णा-दुधनेला हात लावायच्या आधी तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा चालवा, अख्खा दिवस जाईल, जाऊ द्या.

आणि पैशाचं जीआयएस क्रॅक करून वापरू नका, क्यूजीआयएस फुकट आहे आणि या कामाला पुरून उरतं.

प्रश्न : आमच्या पाणलोट समितीनं सॉफ्टवेअरमधून गावाची पाणलोट रेषा काढली. ती कालव्याच्या पलीकडं दोन गावं गिळून बसलीय! माथ्याकडं बरोबर दिसते, खाली सपाटीला वेडीवाकडी. सॉफ्टवेअर खराब आहे का?
— समिती सदस्या, अंबड तालुका

उत्तर : खराब नाही ताई, त्याला कालवा दिसतच नाही. तुम्ही वापरता तो फुकटचा डीईएम 30 मीटरचा असणार, म्हंजे 30 मीटर बाय 30 मीटर तुकड्याला एकच उंची. एसआरटीएम या अमेरिकी मोजणीचा असेल तर तो फेब्रुवारी 2000 मध्ये अवकाशयानातनं मोजलेला, त्यानंतर झालेले रस्ते, शेततळी त्यात कुठनं येणार. सपाट रानात दोन तुकड्यांतला फरक अर्धा मीटर आणि मोजणीतली चूक त्याच्यापेक्षा जास्त, मग पाणी कुठं वळतं ते त्याला कसं कळावं.

कालव्याचा भराव, रेल्वेची पट्टी, रस्त्याची मोरी, हे सगळं रेषा बदलतं. रेषेचा नकाशा मोबाइलवर घ्या आणि पाऊस चालू असताना जुन्या माणसांना सोबत घेऊन चालत जा, कोणत्या मोरीतनं पाणी इकडं येतं नि कुठं कालव्याला तटतं ते त्यांना तोंडपाठ असतं. ओढ्याची खरी रेघ क्यूजीआयएसमध्ये हातानं काढून डीईएममध्ये कोरता येते, त्याला स्ट्रीम बर्निंग म्हणतात, ते करा आणि परत आखा.

एक बघून घ्या, नकाशा यूटीएम 43 उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या पट्ट्यात बदललाय ना? अक्षांश-रेखांशात ठेवला की क्षेत्रफळ भलतंच येतं. मराठवाडा जवळपास सगळा 43 मध्येच बसतो, किनवटकडचा भाग तेवढा 78 अंशांच्या पूर्वेला जाऊन 44 मध्ये पडतो.

प्रश्न : माझं रान काळं, भारी. जूनमध्ये 100 मिमी पडला तरी नाल्याला पाणी येत नाही, भेगाच पिऊन टाकतात. भाच्यानं लॅपटॉपवर मॉडेल केलंय तर ते 50 मिमी वाहून गेलं म्हणायलंय. आणि सप्टेंबरला त्याच्या दीडपट पाणी जातं ते मॉडेल दाखवतच नाही. विश्वास कशावर ठेवावा? पावसाची तारीखपण एक दिवस मागं-पुढं वाटायलीय.
— शेतकरी, औसा

उत्तर : काका, तुमच्या डोळ्यावर ठेवा. भाच्यानं चूक केलेली नाही, त्यानं सॉफ्टवेअरनं दिलेलं तसंच ठेवलंय एवढंच. चौकट रिकामी सोडली की सुरुवातीचं शोषण एसच्या (वर पहिल्या उत्तरात काढलाय तो) 0.2 पट धरलं जातं. आपल्याकडच्या जलशास्त्रात काळ्या जमिनीसाठी वेगळं सांगितलंय : रान मध्यम ओलं किंवा चांगलं भिजलेलं असेल तर 0.1 पट, कोरडं असेल तर 0.3 पट. आणि सीएनसुद्धा ओलीप्रमाणं बदलतो. पीक उभं असताना मागच्या पाच दिवसांत साधारण 36 मिमीच्या आत पडला असेल तर कोरडं, 53 च्या वर असेल तर भिजलेलं धरतात. मध्यम ओलीला 80 असलेला सीएन कोरड्याला 63.7 होतो आणि भिजलेल्याला 90.4.

मी तुमच्यासाठी मांडून बघितलं. तोच 100 मिमी पाऊस : कोरड्या रानावर साधारण 16 मिमी वाहतो, मध्यम ओलीला 56 मिमी, आणि भिजलेल्यावर 76 मिमी. एकच रान, एकच पाऊस, आणि जवळपास पाच पटींचा फरक. तुम्ही जे वर्षानुवर्षं बांधावरनं बघत आलात तेच आहे हे. आणि भेगा खोल असतील तर पहिल्या पावसाला 16 मिमीसुद्धा जास्तच, कारण भेगा मिटेपर्यंत पाणी नाल्याकडं निघतच नाही.

भाच्याला सांगा, जूनचं आणि सप्टेंबरचं मॉडेल वेगळं करायचं, सीएन ओलीप्रमाणं बदलायचा आणि शोषणाची चौकट हातानं भरायची. जूनला कोरड्या रानाचे 43.4 मिमी, सप्टेंबरला भिजलेल्याचे 2.7 मिमी. सिमेंट बंधाऱ्याच्या भिंतीवर ऑइलपेंटनं दर 10 सेंटिमीटरला पट्टी मारा, मोठा पाऊस झाला की पाणी कुठपर्यंत चढलं ते तारीख-वेळेसकट लिहून ठेवा. छोट्या नाल्यावर सरकारी मोजणी नसते, तुमची ती पट्टीच मॉडेलची परीक्षा घेणार.

तारखेचं तुमचं बरोबर आहे. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो. 5 तारखेपुढं लिहिलेला पाऊस म्हंजे 4 च्या सकाळी साडेआठपासून 5 च्या सकाळी साडेआठपर्यंतचा. भाच्यानं तो 5 च्या मध्यरात्रीपासून पुढं टाकला असणार, म्हणून पूर दुसऱ्या दिवशी दिसतोय. सुरुवात 4 तारीख, साडेआठ वाजता अशी द्यायला सांगा.