मक्त्याच्या वावराचं अनुदान कोणाच्या खात्यात?

प्रश्न : नमस्कार ताई. मी यवतमाळ जिल्ह्यातला, पाच एकर वावर मक्त्यानं, म्हंजे भाड्यानं, वाहतो, मालक नागपूरले राहते. 2023 च्या कापूस-सोयाबीनचं अनुदान आलं ते मालकाच्या खात्यात गेलं, पराटी तर मी लावली होती. माहा पुतण्या म्हणते का अमेरिकेत तंबाखू सोडाले सरकारनं शेतकऱ्याइले डॉलर वाटले. खरं हाय काय? अन् आपल्याकडे मक्तेवाल्याले काही भेटते का नाही?

उत्तर : भाऊ, पुतण्या अर्धं बरोबर सांगतोय. पैसे वाटले हे खरं, पण तंबाखू सोडायला म्हणून नाही. तिकडे 1938 च्या कायद्यापासून कोटा होता, कोणत्या शेतावरचा किती तंबाखू विकायचा ते सरकार ठरवायचं आणि हा कोटा जमिनीला चिकटलेला, त्यामुळे केंटकी, नॉर्थ कॅरोलिना या राज्यांकडे कित्येक कोटावाले स्वतः शेत करतच नव्हते, भाड्यानं देऊन मोकळे. 2004 मध्ये कायदा करून ही पद्धत बंद केली आणि बदल्यात 2005 ते 2014 असा दहा हप्त्यांत मोबदला दिला, तोही सिगारेट कंपन्या आणि आयातदारांकडून वसूल करून. तंबाखू लावायला बंदी नव्हती, फक्त कोटा गेला आणि त्यासोबत भावाची हमीही गेली.

तुमच्या कामाची गोष्ट पुढे आहे. कोटा ज्याच्या नावावर त्याला कोट्यातल्या दर पाउंडामागे (हे वजन, साधारण अर्धा किलो) 7 डॉलर, आणि 2002, 2003, 2004 या वर्षी पिकाची जोखीम ज्यानं घेतली त्याला 3 डॉलर, वर्षाला एक डॉलर याप्रमाणे. म्हणजे हजार पाउंडाला मालकाला 7000 आणि कसणाऱ्याला 3000. मालकाला दुपटीहून जास्त, हे मला अजिबात पटत नाही. पण कसणाऱ्याचं नाव कागदावर होतं ना!

आपल्याकडे तेच नाही. ते अनुदान हेक्टरी 5000, दोन हेक्टरपर्यंत, म्हणजे तुमच्या वावराचे 10,000 झाले आणि ते सातबाऱ्यावरच्या खातेदाराच्या संमतीपत्रावर गेले. पीएम किसानचे वर्षाचे 6000 सातबाऱ्यावर, राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे 6000 तसेच, सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, कापूस न्यायचा तरी सातबारा मालकाचाच.

एक वाट आहे, पीक विमा. नोंदणीकृत भाडेकरार जोडला तर मक्तेवाल्यालाही स्वतःच्या नावानं विमा काढता येतो. मालक लिहून द्यायला घाबरतात, विदर्भाला 1958 चा वेगळा कुळकायदा आहे आणि कूळ लागेल, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर हक्क लागेल, ही धास्ती घराघरात बसलीय, म्हणून सगळा व्यवहार तोंडी. पाडव्याला मक्त्याचं बोलणं होईल तेव्हाच विषय काढा, मुदत आणि वावर परत द्यायची तारीख स्पष्ट लिहा म्हणजे त्यांचा जीव भांड्यात पडेल, आणि पिकाचं अनुदान, नुकसानभरपाई आली तर कोणाला किती तेही त्यातच लिहा. मसुदा वकिलाला दाखवा.

तुम्ही वहीच्या पानाचा फोटो पाठवलाय, दहा थैल्या बियाणं, डीएपी, निंदणाच्या बायांची मजुरी, आणि खाली मक्त्याची रक्कम दोन रेघा मारून. ही वही जपून ठेवा आणि मालक नागपूरहून आले की त्यांच्यासमोर उघडा.