वह्या कोण लिहितं?

देवगड तालुक्यातल्या एका आईचं चार पानी पत्र आलंय, थोडक्यात सांगते. मुलगा नववीत, 14 वर्षांचा. वाचताना अडखळतो, फळ्यावरचं उतरवायला तास पुरत नाही, 'भ' चा 'म' होतो, जोडाक्षरं गळतात, पण तोंडी विचारलं की धडाधड सांगतो. शाळेने आत्ताच सुचवलंय की दहावीला 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा. एक सर त्याला उभं करून वाचायला लावतात आणि वर्ग हसतो. वडील ट्रॉलरवर, त्यांचं म्हणणं पोरगा लक्षच देत नाही. आजी म्हणते, "बापूस तरी खंय शिकलेलो, होडी चालवताच मां." शिकवणीला हजार रुपये जातात, उपयोग शून्य. "धाकटी सहावीत आहे, ती रात्री त्याच्या वह्या पूर्ण करून देते म्हणून निदान वह्यांवर शेरे येत नाहीत. मावशी, शाळा बदलू का?"

ताई,

पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा तुमच्या मुख्याध्यापकांचा राग आला. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा तुमचा आला. ती धाकटीची ओळ तिसऱ्या पानावर आहे, अर्धीच ओळ, आणि लगेच तुम्ही शिकवणीच्या फीवर गेलात, जसं काही रात्री विहिरीवरून एक कळशी पाणी आणून देते एवढंच.

नववीच्या वह्या म्हणजे किती असतात हो? तीन भाषा, गणिताचे दोन भाग, विज्ञानाचे दोन, इतिहास, भूगोल, वर ते जलसुरक्षेचे प्रकल्प. सहावीतली पोर हे सगळं गाईडमधून उतरवते, तिला त्यातलं अक्षर कळत नसणार, आणि तिचा स्वतःचा अभ्यास कधी होतो ते तुम्ही लिहिलेलंच नाही.

आता सरांच्या टेबलावर काय दिसतं ते बघा. (त्यांची बाजू घेत नाहीये, त्यांचंही सांगते पुढे.) पन्नास वह्यांच्या गठ्ठ्यात तुमच्या मुलाची वही, सुवाच्य अक्षर, समास आखलेला, शीर्षकं लाल पेनाने अधोरेखित. आणि चाचणीला हाच मुलगा दोन ओळी लिहून बसून राहतो. सर काय समजणार? घरी लिहितो आणि इथे नाटकं करतो, आळशी आहे, माज आहे. हे तुमच्या घरातून गेलंय त्यांच्यापर्यंत. मी स्वतः 26 वर्षं शाळेत काढली आणि खरं सांगते, वह्यांच्या गठ्ठ्यावर लाल पेनाने 'पाहिले' लिहून सही ठोकली की झालं, अक्षर कोणाचं ते बघायला आमच्यातल्या किती जणांनी मान वर केली देव जाणे, मी तरी नाही केली.

तुम्ही वर्णन केलंय ते मला अध्ययन अक्षमतेसारखं, म्हणजे हुशारी असूनही वाचण्या-लिहिण्यात येणाऱ्या अडचणीसारखं वाटतंय, पण ठरवणार डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञ, मी नाही आणि शिकवणीवाले तर नाहीच. 1995 च्या अपंगांच्या कायद्यात ही गोष्ट नव्हती, त्यात सातच प्रकार होते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 झाले आणि त्यात ही आली. त्याच कायद्यात शाळांना सांगितलंय की अशी मुलं लवकरात लवकर ओळखा आणि त्यांच्यासाठी शिकवण्यात बदल करा. केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे तर तिसरीच्या सुमारासच शिक्षकांनी चाळणी लावायची असते. म्हणजे तुमच्या मुलाच्या बाबतीत सहा वर्षं उशीर झालाय आणि त्यातला मोठा वाटा शाळेचा, मान्य. पण त्यांच्या हातात खरी वही दिलीच नाही तर ते ओळखणार कशावरून?

आणि गंमत बघा, तुम्ही धाकटीकडून चोरून जे करून घेताय ते त्याला उजळ माथ्याने मिळू शकतं. अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत लेखनिक मिळतो, तासाला 20 मिनिटं जादा मिळतात, म्हणजे 3 तासांच्या मराठीला 1 तास आणि 2 तासांच्या भूमितीला 40 मिनिटं. पण लेखनिक खालच्या वर्गातला असतो आणि मुलगा सांगेल तेवढंच लिहितो, एक शब्द पदरचा घालायचा नाही. म्हणजे उत्तर बोलून सांगायची सवय हवी. तुमच्याकडे उलटंच चाललंय. तो गप्प बसतो आणि ती लिहिते. तोंडी धडाधड सांगतो म्हणताय ना, मग त्याची हीच ताकद तुम्ही रोज रात्री झोपवून ठेवताय.

तर एकच करा. आज रात्रीपासून धाकटीच्या हातातून ते पेन काढून घ्या. त्याच्या वहीत त्याने स्वतः लिहिलेलं असेल तेवढंच राहू दे, चार ओळी तर चार, चुकांसकट, आणि तुम्ही रबर घेऊन मागे लागू नका. शेरे येतील, येऊ देत. आठ दिवसांनी त्या वह्या पिशवीत घाला आणि मुख्याध्यापकांसमोर ठेवा, शेजारी जुनी सुंदर अक्षरातली वही पण ठेवा आणि तोंडाने सांगा की ही बहिणीने लिहिली होती. लाज वाटेल. वाटू दे. सोबत लेखी अर्ज द्या की मुलाची तपासणी व्हावी, पंचायत समितीच्या गट साधन केंद्रातून समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना बोलवावं, आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय उठू नका, "ठेवून जा, बघतो" वर उठलात तर पुढच्या जूनमध्ये पुन्हा पत्र लिहाल मला.

आधी डोळे आणि कान मात्र तपासून घ्या, साधा चष्म्याचा नंबर निघाला असं पण होतं. मग ओरोसचं जिल्हा रुग्णालय, तिथे हे प्रमाणपत्र देणारं दिव्यांग बोर्ड असतं, कुठल्या वारी बसतं आणि या तपासणीची सोय तिथे आहे की पुढे पाठवणार ते आधी फोन करून विचारा, उगाच पावसात एसटीने हेलपाटा नको. आणि ह्या खऱ्या वह्या तिथेही न्या, डॉक्टर तेच मागणार. 14 व्या वर्षी काढलेलं प्रमाणपत्र 18 ला पुन्हा तपासून घ्यायचं असतं, म्हणजे दहावी तरी त्यात निघते. दहावीच्या सवलतीचा प्रस्ताव शाळेमार्फत रत्नागिरीच्या विभागीय मंडळाकडे जातो, म्हणून वेळ नववीतच आहे, दहावीच्या दिवाळीनंतर धावपळ करून काही होत नाही.

नवऱ्याला न्या बरोबर. 1 जूनपासून मासेमारीला बंदी आहे, ट्रॉलर किनाऱ्याला आहे, जाळी विणून झाल्यावर गजालीच चालू असतील. एकदा बंदी उठली की माणूस हाताला लागणार नाही. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की 'लक्ष देत नाही' हे आपोआप बंद होईल, तुम्ही घरी भांडून होणार नाही.

17 नंबरच्या फॉर्मला सध्या साफ नाही म्हणा. आपलं कोकण बोर्ड दहावीच्या निकालात वर्षानुवर्षं राज्यात पहिलं येतं, आपण पेढे वाटतो, आणि शंभर टक्क्यांची पाटी लावायची म्हणून एखाददुसरं असं पोरगं गुपचूप बाहेर काढलं जातं हे आमच्यासारख्या शिक्षकांना सगळ्यांना ठाऊक आहे, कोणी बोलत नाही. त्या हसवणाऱ्या सरांचं नाव मात्र त्याच अर्जात घाला, आठवीपर्यंतच्या मुलांना शाळेत मानसिक त्रास द्यायला 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानेच बंदी आहे, नववीतल्याला दिलेला चालतो असं थोडंच आहे. शाळा बदलायचं डोक्यातून काढा, नव्या शाळेतही तुम्ही तीच सुंदर वही पाठवणार. शिकवणी बंद करा, हजार रुपये वाचवा. आजीला बोलू दे.

आणि हो, पुढचं पत्र लिहाल त्यात धाकटीचं नाव लिहा. मुलाचं नाव चार पानांत अकरा वेळा आलंय, मोजलं मी. तिचं एकदाही नाही.

– मावशी